एक पुरूस कमी

नागपुरातून कुठल्याही दिशेनं निघा, समुद्र दूरच. या गावात जन्मलेली कितीतरी माणसं समुद्र न बघताच जातात, आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. हुडकेश्वरच्या कौशल्येचं मात्र अडलं. तिच्या घरात समुद्र शिरला तो पोस्टकार्डातून, एकेक करून, नऊ वेळा. बसा नीट, सांगतो. भरभर सांगून टाकण्यासारखी गोष्ट नाही ही.

एकोणऐंशी सालची दिवाळी. धनत्रयोदशीच्या दुपारी कौशल्या संत्र्याच्या करंड्या भरायच्या कामावरून घरी आली, हातपाय धुतले, आणि पत्र्याच्या पेटीतून कार्डांची चळत काढून उंबऱ्याशी बसली. गावात मोठ्या माणसांसाठी साक्षरतेचा वर्ग निघाला होता. शिकवणाऱ्या सिंधूताईंनी सुट्टी देताना बजावलं होतं, "घरी काहीतरी वाचा गं बायांनो. पुडीचा कागद वाचा, देवळाची पाटी वाचा, पण डोळे अक्षरावर पडू द्या." कौशल्येच्या घरात वाचण्यासारखं होतं काय? नवऱ्याची नऊ पत्रं. तेवढीच.

नवरा रुपराव. विहिरी खोदण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. सात वर्षांपूर्वी तो गेला. गेला म्हणजे मेला नाही हो, असं सगळे धरून होते. समुद्र बघायला म्हणून मुंबईला गेला आणि परत आलाच नाही. तेव्हापासून कौशल्या गावाच्या तोंडी 'टाकलेली' झाली. नळावर बाया कुजबुजत, हिच्यातच काहीतरी खोट असेल. कौशल्या कुंकू लावायची, मंगळसूत्र घालायची, आणि रोज एकाच गोष्टीचा विचार करायची. माझं काय चुकलं? या माणसानं मला काहून टाकलं? विधवा असती तर रडून मोकळी झाली असती. हिला रडायचीही सोय नव्हती.

आता हा विहिरीवाला गडी समुद्राच्या नादी लागला कसा, तेही सांगायला हवं. उमरेड रोडवरच्या एका शाळेत मधुसूदन मास्तर भूगोल शिकवत. शिकलेले जबलपूरला, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. शाळेच्या मागच्या अंगणात त्यांनी हिंद महासागराच्या तळाचा नमुना करायचा घेतला. कागदावर नाही, जमिनीत. वीस पावलं लांब सिमेंटचा हौद, आणि त्याच्या पोटात सगळा समुद्रतळ. काम केलं रुपरावनं. मास्तर काठीनं दाखवत आणि रुपराव थापीनं घडवत जाई. किनाऱ्याला लागून उथळ समुद्रबूड जमीन, तिच्या काठाशी एकदम कोसळणारा उतार, उतार संपला की दूरवर पसरलेलं सपाट सागरी मैदान, मैदानाच्या मधोमध पाण्यात बुडालेली डोंगरांची रांग, आणि पार त्या टोकाला, जावा बेटाखाली, चिरीसारखा अरुंद सागरी डोह.

रुपराव संध्याकाळी घरी आला की तेच बोलायचा. "कौशल्ये, पाण्याखाली बी डोंगर हायेत वं! आपल्या रामटेकापेक्षा मोठे. कोणी पाह्यले नाही, अन् हायेत."

"मंग मास्तरले कसं मालूम?"

"दोर सोडून मोजते म्हणे. आपल्यासारखंच."

मोजण्यावरूनच तर सगळं झालं. मास्तरच्या इंग्रजी पुस्तकात डोहाची खोली फॅदममध्ये दिलेली. फॅदम म्हणजे सहा फूट. रुपराव म्हणाला, "म्हणजे पुरूस की." विहीरवाल्यांचं जुनं माप ते. एक गडी पाण्यात उभा राहिला की जेवढी खोली, तेवढं एक पुरूस पाणी. मास्तरला गंमत वाटली. त्यांनी पाटी रंगवली, रुपरावचा बोलीतला शब्द शुद्ध करून: 'जास्तीत जास्त खोली ४००० पुरुष.'

रुपरावनं घरी येऊन सांगितलं तेव्हा कौशल्या पोट धरून हसली होती. "बाप्पा! चार हजार माणसं उभी करतीन का एकावर एक?"

"होय तं. एकाच्या खांद्यावर एक, हात वर करून. तवा कुठी वरच्याचा हात काठाले लागन."

नमुना बघायला शिक्षण खात्याचे मोठे साहेब येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी रुपराव कामावर गेला तो शेवटचा. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः कौशल्येच्या दारात आले. चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "ताई, रुपराव मुंबईला गेला. समुद्र बघून येतो म्हणाला. मी पुष्कळ समजावलं." नंतर तीन कार्डं आली. रुपरावला लिहिता येत नव्हतं, पण असेल कुणाकडून लिहून घेतलेलं. कौशल्येलाही वाचता येत नव्हतं. मग वाचणार कोण? मास्तरच. तिसऱ्या कार्डात होतं की बोटीवर काम धरलं आहे, परत येणं होणार नाही, वाट पाहू नये. ते वाचून झाल्यावर मास्तरच्याच डोळ्यांत पाणी आलं. "ताई," ते म्हणाले, "आजपासून मी तुझा भाऊ." आणि खरंच, दर भाऊबीजेला त्यांनी लुगडं आणलं, आजारपणात औषध आणलं. नवरा फिरला पण देवानं भाऊ दिला, असं कौशल्या चारचौघींत सांगायची, अगदी अभिमानानं सांगायची.

कार्डं त्यानंतरही येत राहिली. वर्षाला एखादं. दार उघडावं तर उंबऱ्याच्या आत पडलेलं. ओलसर असायचं, वाळलं की कडक व्हायचं, आणि कडेला पांढरं पांढरं काही धरायचं. एकदा तिनं बोट लावून जिभेला लावलं. खारट होतं. समुद्रावरून आलंय, असणारच, असं मनाशी म्हणून तिनं ते पदरात बांधलं आणि मास्तरकडे नेलं. दर वेळी मास्तर ते रुमालानं पुसत, बराच वेळ नुसतं बघत बसत, आणि मग वाचत: "मी ठीक आहे. येणे होणार नाही. वाट पाहू नये." एकदोनदा म्हणाले, "ताई, ही कार्डं माझ्याकडे ठेवू का जपून?" ती नाही म्हणाली. नवऱ्याचं तेवढंच तर उरलं होतं तिच्यापाशी.

तर त्या धनत्रयोदशीला ती पहिलं कार्ड घेऊन बसली, आणि पहिल्याच शब्दाला अडली. वर्गात सगळ्यांत आधी तिला तिचं नाव शिकवलं होतं. ते तिनं शंभरदा गिरवलेलं. पण कार्डावरच्या नावात मधलं एक अक्षर काही ओळखू येईना. स्वतःचंच नाव वाचता येईना, म्हणून ती चिडून सिंधूताईंकडे गेली.

सिंधूताई हसल्या. "अगं, हा 'ल'च आहे. हिंदीतला, उभ्या दांडीचा; जोडाक्षरात दांडी गळते, म्हणून ओळखला नाहीस. जबलपूरकडे शिकलेली माणसं असा काढतात."

कौशल्या घरी आली. जबलपूरकडे शिकलेलं माणूस तिच्या ओळखीत एकच होतं. मन म्हणालं, असेल मुंबईत दुसरं कुणी. तरी तिनं नऊच्या नऊ कार्डं जमिनीवर मांडली आणि त्यांवर तो दांडीचा 'ल' शोधत गेली. सगळ्यांवर तो होता. नऊही कार्डं एकाच हातची.

मग ती वाचायला लागली. बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून, ओठ हलवत. पहिली तीन कार्डं मास्तरनं वाचली होती तशीच निघाली. 'समुद्र पाहिला. जमीन पाण्याखाली हळूहळू उतरत जाते व मग एकदम उतार लागतो.' समुद्राबद्दल एवढंच. लाटा नाहीत, आवाज नाही, वारा नाही, माणसं नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघणारा माणूस पाण्याचा रंगसुद्धा सांगत नाही? त्या बिचारीच्या पहिल्यांदाच ध्यानात आलं की हे लिहिणाऱ्यानं समुद्र पाहिलेलाच नाही. त्यानं फक्त पुस्तकातला तळ पाहिलाय.

चौथं कार्ड तिनं नरकचतुर्दशीला वाचलं. आंघोळ करून, देवापुढं दिवा लावून, त्या उजेडात. अक्षर तेच, पण बोली बदललेली. त्यावर लिहिलं होतं:

'कौशल्ये, मास्तरले विचार. दोर हातात होता तं टाकला काहून नाही.'

तिनं ते तीनदा वाचलं. अक्षर ओळखण्यात आपलीच चूक होत असेल म्हणून पाटीवर एकेक अक्षर पुन्हा लिहून पाहिलं. चूक नव्हती. मास्तरनं हेच कार्ड हातात धरून वाचलं होतं, मी ठीक आहे, वाट पाहू नये. तिच्या समोर बसून. तिच्या हातचा चहा पीत.

बायांनो, तुमच्या पाठीत कुणी सुरी घातली तर कळतं तरी. हिला सात वर्षं कळलंच नव्हतं. ती भिंतीला टेकून बसली आणि आधी तिला भीती नाही, संताप आला. मग संतापही निघून गेला.

पुढची कार्डं ती लक्ष्मीपूजनाच्या रात्रीपर्यंत एकेक करून वाचत गेली. पाचवं: 'उतारावून घसरून राह्यलो. धरायले काही नाही.' सहावं: 'आता सपाट लागलं. चिखल लोण्यावानी मऊ. कोणाचाच आवाज येत नाही, माहा बी नाही.' सातवं: 'पाण्याखाली डोंगर हायेत वं. खरंच हायेत.' हे वाचून तिला हुंदका फुटला, कारण तो अगदी तसाच म्हणायचा. आठवं: 'डोह लागला. खाली माणसं उभी हायेत, एकाच्या खांद्यावर एक, हात वर करून. मले बी उभं केलं.'

आणि नववं, महिन्यापूर्वी आलेलं: 'एक पुरूस कमी पडून राह्यला. तो भेटला का माहा हात काठाले लागते. मंग येतो. दार लावजो नको.'

पाडव्याच्या सकाळी पोस्टमन नत्थूजी दिवाळीची पोस्त मागायला आले. कौशल्येनं त्यांच्या हातावर करंजी ठेवली आणि विचारलं, "नत्थूजी, माह्या घरी तुमी आजपावेतो किती कारडं टाकले गा?"

नत्थूजींचा या बाबतीत हात कुणी धरावा! पंचवीस वर्षांचा बटवडा त्यांना तोंडपाठ. "तीन," ते म्हणाले. "बहात्तर साली. मुंबईचा शिक्का होता. त्याच्यानंतर तुह्या नावचं काही आलंच नाही, बाई."

कौशल्येनं आतून नववं कार्ड आणून दाखवलं. नत्थूजींनी ते उलटंसुलटं केलं. त्यावर कुठल्याच गावाचा शिक्का नव्हता. त्यांनी बोटं धोतराला पुसली, वास घेतला, आणि करंजी न खाताच निघून गेले.

भाऊबीज आली. दर वर्षी मास्तर तिच्याकडे यायचे. या वर्षी तिनंच निरोप धाडला की मी शाळेत येते ओवाळायला. मास्तर शाळेच्या आवारातल्याच खोलीत एकटे राहत. सुट्टीमुळे शाळा ओस पडली होती. चारचा सुमार, उन्हं अजून भिंतीवर होती. कौशल्येच्या हातात ताट होतं, आणि काखेतल्या पिशवीत रुपरावचा पाणी मोजायचा, घरी राहिलेला दोर: खाटेच्या सुंभाचा वळलेला, टोकाला लोखंडी गोळा. खुंटीवर सात वर्षं लटकून होता तो.

"इथं खोलीत बस ना, ताई," मास्तर म्हणाले.

"नाही, भाऊ. मांगं चला. त्यायच्या हातच्या कामापाशी ओवाळतो आज."

मास्तरचा चेहरा पडला, पण ते आले. हौदाच्या टोकाला, डोहाच्या काठाशी, तिनं पाट मांडला. नमुन्याचा निळा रंग उडाला होता. पाऊस संपून महिना झालेला, हौद कोरडा ठणठणीत. फक्त त्या डोहात, हातभर खोल सिमेंटच्या चिरीत, पाणी होतं. काळं, न हलणारं. शेजारी पाटी होती आणि तिच्यावरच्या 'खोली'तला 'ल' दांडीचा होता. कौशल्येनं तो आधी पाहिला आणि मगच निरांजन लावलं.

तिनं ओवाळलं. टिळा लावला, अक्षता टाकल्या. वारा नव्हता, तरी ज्योत डोहाकडे वाकली होती. मास्तरनं ताटात लुगडं ठेवलं. मग तिनं चौथं कार्ड त्यांच्या हातात दिलं.

"भाऊ, एक डाव वाचून दाखवा."

"हे... हे तर वाचलंय ना मागे."

"पुन्ना वाचा. सणाचा दिवस हाय, त्यायची याद येऊन राह्यली."

मास्तरनं घसा खाकरला. "मी ठीक आहे. येणे होणार नाही. वाट..."

"कौशल्ये," ती म्हणाली. कार्डाकडे न बघता, पाठ झालेलं. "मास्तरले विचार. दोर हातात होता तं टाकला काहून नाही."

मास्तरनं कार्ड झटकन उलटं केलं.

"मले वाचता येते आता, भाऊ."

मग मास्तर अगदी हळू आवाजात म्हणाले, "मी तीनच लिहिली, ताई. देवाशपथ तीनच. सहकारी मुंबईला जायचा, त्याच्याकडून टाकवली. बाकीची... अक्षर माझं आहे. पण मी लिहिलेली नाहीत."

"ते मले मालूम हाय. दोराचं सांगा."

आणि मग सात वर्षांनी ते बाहेर आलं. शाळेआधी इथं संत्र्याची बाग होती. बागेची विहीर वरवर बुजवलेली. डोहाची जागा खोदताना रुपराव म्हणाला होता, मास्तर, खाली पोकळ वाटून राह्यलं, इथं नको. मास्तर म्हणाले, हातभरच तर खोदायचंय, उद्या साहेब येणार. रुपरावनं त्यांचा शब्द मोडला नाही. पहार घातली आणि जमीन बसली.

"तो खाली गेला," मास्तर म्हणाले. "गळ्यापर्यंत पाणी होतं. वरून माती पडत होती. म्हणाला, मास्तर, दोर टाका. शाळेचा दोर माझ्या हातात होता, ताई... पण मला एकट्याला ओढवणारा नव्हता तो. लोकांना बोलवायला हवं होतं. खोदायची परवानगी नव्हती. सगळं उघडं झालं असतं, नोकरी गेली असती. मी उभा राहिलो. मला वाटलं, थोड्या वेळानं आवाज थांबेल."

"थांबला?"

मास्तरनं तोंड फिरवलं.

"सिमेंट टाकलं तवा थांबला होता का, भाऊ?"

"...नाही."

कौशल्येनं डोळे मिटले. ज्या माणसाला तिनं सात वर्षं मनातल्या मनात दूषणं दिली, 'टाकून गेला' म्हणून, तो तिच्या घरापासून दीड कोसावर हाका मारत होता. आणि ज्याच्या कपाळाला तिनं सात वर्षं टिळा लावला, त्याच्या तोंडाकडे आता तिला बघवेना. "सख्ख्या भावावून जास्त केलं गा मी तुमचं," ती म्हणाली. "मले तं सांगायचं होतं. मेला एवढंच सांगतलं असतं तरी मी तुमाले माफ केलं असतं."

तिनं पिशवीतून दोर काढला आणि गोळा डोहात सोडला.

हातभर खोल चीर ती. गोळा टेकून खण् आवाज यायला हवा होता. आला नाही. दोर सरसर जाऊ लागला. एक पुरूस, दोन, पाच. वेटोळं कमी होत गेलं. खालून वास आला, कुबट नाही, विहिरीचा नाही. जखमेला मीठ चोळावं तसा नाकाला झोंबणारा खारट. शेवटची दोन वेटोळी उरली असताना दोर थांबला, आणि ताठ झाला.

मग खालून तीन हिसके बसले.

विहीरवाल्याच्या बायकोला ती खूण शिकवावी लागत नाही. एक हिसका म्हणजे थांब, दोन म्हणजे सैल सोड, तीन म्हणजे वर घे.

"वर घ्या म्हणून राह्यले ते," कौशल्या म्हणाली आणि दोराचं टोक मास्तरच्या हातात दिलं. "तवा नाही ओढलं. आता ओढा."

"ताई... ताई, नको..."

पण हात मात्र दोराभोवती आपोआप मिटले होते. ते सोडू म्हणत होते आणि त्यांना सोडता येत नव्हतं. कौशल्येनं निरांजन उचललं, ताट उचललं, लुगडं तिथंच पाटावर ठेवलं आणि वळली. तिनं मागं बघितलं नाही. शाळेच्या फाटकापाशी पोचेपर्यंत एकच आवाज आला. विहिरीत बादली पडावी तेवढाच. ओरडणं नाही, काही नाही.

दुसऱ्या दिवशी शिपायाला मास्तरच्या चपला सापडल्या, हौदातल्या समुद्रबूड जमिनीवर, ओळीनं काढून ठेवलेल्या. हौद कोरडा. डोह हातभर खोल, तळाला चांगलं टणक सिमेंट. लोकांनी ठोकून बघितलं. शोधाशोध झाली, मग थंडावली. शाळेत म्हणू लागले की एकटा माणूस, गेला असेल समुद्र बघायला. कौशल्या ते ऐकून आपल्या कामाला लागायची.

पण तिच्या घरात आता वेगळंच सुरू झालं होतं. ती संध्याकाळी दार लावेनाशी झाली. ओसरी सारवली, रुपरावचा सदरा धुऊन वाळवला, दोन माणसांचं पिठलं करू लागली. नळावरच्या बाईनं टोमणा मारला तर म्हणाली, "टाकलेली नाही वं मी. माहा माणूस येऊन राह्यला." सात वर्षांत ती पहिल्यांदा हसली असेल. बाया म्हणाल्या, बिघडली बिचारी.

कार्तिक संपत आला. एका दिवेलागणीला ती मागे चूल पेटवत होती. पुढं आली तर उंबऱ्याच्या आत कार्ड. दहावं. चिंब ओलं, इतकं की उचलताना पाणी ठिबकलं. दिवा जवळ ओढून ती दाराकडे पाठ करून बसली आणि बोट ठेवून वाचू लागली. अजूनही तिला भरभर वाचता येत नसे. एक अक्षर, मग दुसरं, मग दोन्ही मिळून शब्द.

'चार... हजार... पूर्ण... झाले.'

तिला रडू आलं. डोळे पुसून ती पुढं सरकली.

'हात... काठाला... पोचला.'

काठाला. तिचं बोट थांबलं. रुपराव 'काठाले' म्हणाला असता. दांडीचा 'ल' तोच होता, पण त्याच्यावर मात्रा नव्हती, पुढं काना होता. बाहेर अंगणात पाणी गळत असल्याचा बारीक आवाज येत होता, आणि घरभर तो खारट वास भरत चालला होता. तिला मान वळवायची होती. पण एवढ्या मेहनतीनं शिकलेली बाई, वाक्य अर्ध्यावर सोडवेना तिला.

'मी... रुपरावच्या... खांद्यावर... उभा... आहे.'

दिव्याची ज्योत दाराकडे वाकली.

'दार... लावू... नकोस...'

एकच शब्द उरला होता, दोन अक्षरांचा. वर्गात दुसऱ्याच दिवशी शिकवलेला. कौशल्येनं तो वाचला, आणि तोंडानं उच्चारायच्या आधीच तो तिच्या पाठीमागून, उंबऱ्यातून, कुणीतरी ओल्या आवाजात हळूच म्हटला.

"ताई."